कॉर्डलेस माइकचा आवाज तुटतो तेव्हा : अँटेनाविषयी वाचकांचे प्रश्न

कॉर्डलेस माइकच्या अँटेनांविषयी आलेल्या पत्रांमध्ये एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते : सेट चांगला आहे, बॅटरी नवी आहे, तरी ऐन कार्यक्रमात आवाज तुटतो. यातल्या बहुतेक ठिकाणी सेटमध्ये काही बिघाड नाही. रिसीव्हरची (माइकचा सिग्नल झेलणाऱ्या पेटीची) अँटेना चुकीच्या जागी उभी आहे, किंवा तिच्यापासून रिसीव्हरपर्यंत येताना सिग्नल वाटेत वाया जातो आहे. म्हणून खालच्या उत्तरांत आधी जागा बदलायला सांगितलं आहे, खरेदी त्यानंतर.

हिशेबासाठी सगळीकडे ५५० मेगाहर्ट्झ धरलं आहे. तिथे लहरीची लांबी साडेचोपन्न सेंमी आणि पाव लहर साडेतेरा सेंमीच्या आसपास येते. तुमच्या सेटची फ्रिक्वेन्सी वेगळी असेल तर ३०,००० ला त्या मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागा, लहरीची लांबी सेंमीत मिळेल.

प्रश्न (सांगली) : नाट्यस्पर्धेसाठी आठ कॉलर माइक भाड्याने आणले. रिसीव्हर प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला, मिक्सरशेजारी, लोखंडी रॅकमध्ये. रंगीत तालमीत एकदाही आवाज तुटला नाही. प्रयोगाला मात्र पहिल्या अंकातच दोन-तीन माइक सारखे तुटू लागले. एका रात्रीत काय बदललं?

खुर्च्या भरल्या. तालमीत रंगमंचापासून रॅकपर्यंतची वाट मोकळी होती, प्रयोगाला त्या वाटेत काहीशे माणसं येऊन बसली. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं खारं पाणी, आणि यूएचएफ लहरी (या माइकच्या रेडिओलहरी) ते चांगल्याच शोषून घेतं. अँटेना आणि माइकच्या मध्ये एकच माणूस आडवा आला तरी सिग्नल १० ते २० डीबीने (डीबी म्हणजे डेसिबल, सिग्नल किती पट घटला-वाढला ते सांगणारं माप) सहज पडतो. रॅक जमिनीवर असेल तर अँटेना बसलेल्या माणसांच्या डोक्यांच्याही खाली राहते.

दुसरं कारण अंतर. अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डीबीने कमी होतो. कलाकार रॅकपासून ३२ मीटरवर असेल आणि तीच अँटेना तुम्ही ८ मीटरवर नेली, तर अंतर दोनदा निम्मं झालं, म्हणजे १२ डीबी मिळाले. शक्तीच्या भाषेत ही सोळापट वाढ आहे, आणि तिच्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

तिसरं कारण लोखंडी रॅक. रिसीव्हरच्या पाठीमागच्या अँटेनाच्या दांड्या रॅकच्या आत, केबलच्या जंजाळात अडकलेल्या असतील तर त्या पेटीत बंद केल्यासारख्याच आहेत. तालमीत सिग्नल मुळात भरपूर होता म्हणून हे खपून गेलं. प्रयोगाला सगळे तोटे एकत्र आले.

उपाय सोपा आहे. रिसीव्हर विंगेत न्या आणि तिथून मिक्सरपर्यंत आवाजाची एक्सएलआर केबल (माइकची नेहमीची तीन पिनांची) किंवा स्नेक (अनेक केबल एकत्र असलेली जाड केबल) टाका. बॅलन्स्ड एक्सएलआर ५० मीटर धावली तरी आवाजाला काही होत नाही, अँटेनाची केबल मात्र दर मीटरला सिग्नल खाते. म्हणून लांबवायची ती आवाजाची केबल, अँटेनाची नाही. रॅक विंगेतल्या टेबलावर ठेवा. अँटेना रॅकच्या पुढच्या बाजूला काढायच्या पट्ट्या मिळतात, त्यात दोन छोट्या केबल आणि पॅनेलवर बसणारे बीएनसी (अँटेना केबलचे फिरवून बसणारे जोड) असतात. त्या लावून दांड्या समोर आणा. विंगेत येणारे-जाणारे कलाकार अँटेनाला खेटून उभे राहणार नाहीत अशी जागा निवडा, आणि उंची डोक्यांच्या वर, म्हणजे दोन ते अडीच मीटर, मिळाली तर उत्तम.

मिक्सरवरून रिसीव्हरचे मीटर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या पट्ट्या) दिसत नाहीत ही या मांडणीतली खरी अडचण. सेटला नेटवर्क जोडणी असेल तर लॅपटॉपवर मीटर पाहता येतात. नसेल तर विंगेत एक माणूस बसवा. नाटकाला तो तसाही हवाच, बॅटरी बदलायला.

प्रश्न (चिपळूण) : रिसीव्हरला दोन अँटेना का असतात? त्या उभ्या ठेवाव्यात, आडव्या की तिरप्या? आणि दोघींत अंतर किती?

माइकमधून निघालेली लहर अँटेनापर्यंत एकाच वाटेने येत नाही. एक थेट येते, बाकीच्या भिंतीवर, पत्र्यावर, ट्रसवर (लाइट टांगायच्या सांगाड्यावर) आपटून येतात. थेट आलेली आणि आपटून आलेली लहर उलटसुलट वेळेला पोहोचली की एकमेकींना मारतात, आणि अँटेनाच्या त्या बिंदूवर सिग्नल जवळजवळ नाहीसा होतो. कलाकार वीस-तीस सेंमी सरकला तर परत येतो. ‘इथे उभं राहिलं की तुटतं, अर्धं पाऊल पुढे गेलं की ठीक’ हा अनुभव यातूनच येतो. एका जागी सिग्नल मेला तरी थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या जागी तो त्याच क्षणी मेलेला असण्याची शक्यता फार कमी. म्हणून अँटेना दोन, आणि रिसीव्हर क्षणोक्षणी चांगला सिग्नल घेतो. याला डायव्हर्सिटी म्हणतात.

हे घडायचं तर दोघींत अंतर हवं. पाव लहर, म्हणजे साडेतेरा सेंमी, ही अगदी किमान मर्यादा. एक पूर्ण लहर, म्हणजे अर्धा मीटरभर, असेल तर चांगलं. स्टँडवर वेगळ्या लावत असाल तर एक ते तीन मीटर ठेवा. रंगमंचाच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक लावली तरी चालते, पण मग दोघींनाही संपूर्ण रंगमंच दिसला पाहिजे. डावीला फक्त डावा अर्धा आणि उजवीला फक्त उजवा अर्धा दिसत असेल, तर प्रत्येक अर्ध्यात तुम्ही एकाच अँटेनावर काम करता आहात, डायव्हर्सिटी उरलीच नाही.

रिसीव्हरच्या दांड्या उभ्या रेषेपासून एक डावीकडे आणि एक उजवीकडे ४५ अंश झुकवा, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. कॉलर माइकच्या पॅकची (कमरेला लावायच्या डबीची) अँटेना उभी लोंबते, हँड माइक गाणाऱ्याच्या हातात तिरका असतो, कधी आडवाही होतो. दोन्ही दांड्या उभ्या ठेवल्या तर आडव्या माइकचा सिग्नल दोघींनाही कमी मिळतो. व्ही केला तर एक ना एक दांडी त्याच्याशी जुळते. दांड्या एकमेकींना किंवा लोखंडाला टेकू देऊ नका. रिसीव्हर एकावर एक रचून आठ दांड्यांचं झुडूप करणं तर टाळाच. त्यावरचा उपाय पुढच्या एका उत्तरात आहे.

प्रश्न (परभणी) : अँटेना रिसीव्हरपासून २५ मीटरवर न्यायची आहे. डिश टीव्हीची केबल घरात पडून आहे, सीसीटीव्हीची ‘थ्री प्लस वन’सुद्धा आहे. चालेल का?

डिशची आरजी-६ कायमच्या बसवलेल्या जागी चालेल. सीसीटीव्हीची थ्री प्लस वन नको.

कारण आकड्यांतच आहे. रिसीव्हर, अँटेना, स्प्लिटर (सिग्नल वाटून देणारी डबी) सगळं ५० ओहमचं (ओहम हे विजेच्या अवरोधाचं माप) असतं, आरजी-६ ही ७५ ओहमची. या बेमेळामुळे प्रत्येक टोकाला साधारण पाव डीबीपेक्षाही कमी तोटा होतो. मोठा तोटा केबलच्या लांबीचा. ५५० मेगाहर्ट्झला वेगवेगळ्या केबलचे २५ मीटरमागे अंदाजे असे आकडे धरा : आरजी-५८ साडेआठ डीबी, आरजी-२१३ साडेचार, चांगली आरजी-६ चार, आणि एलएमआर-४०० अडीच. म्हणजे जाडसर आरजी-६ ही ५० ओहमच्या बारीक आरजी-५८ पेक्षा या लांबीला बरीच बरी ठरते. ‘५० ओहमच हवी’ एवढंच ऐकून लोक २५ मीटर आरजी-५८ टाकतात आणि सिग्नलचा सातवा हिस्साच शेवटपर्यंत पोहोचतो.

आरजी-६ ची अडचण वेगळी आहे. तिचा गाभा एकेरी कडक तारेचा असतो, रोज गुंडाळून-सोडून तो आतून तुटतो. आणि एफ कनेक्टरवरून (डिश केबलच्या पेचाच्या जोडावरून) बीएनसीवर येणारे जोड ढिले पडतात. गावोगाव फिरणाऱ्या सेटसाठी ती घेऊ नका. थ्री प्लस वनमधली कोअॅक्स (मध्ये एक तार आणि तिच्याभोवती जाळी असलेली केबल) फार बारीक आणि तिची जाळी विरळ असते. ती सिग्नल खाते, शिवाय बाहेरचा गोंगाट आत घेते.

आमचा ठोकताळा : १० मीटरपर्यंत आरजी-५८ चालेल, साडेतीन डीबी जातील. ३० मीटरपर्यंत आरजी-२१३ किंवा एलएमआर-४००. त्यापुढे अँटेना लांब नेण्याऐवजी रिसीव्हरच पुढे न्या.

केबल तयार करताना बीएनसी क्रिंपिंगचा (खास पक्कडीने दाबून बसवायचा) घ्या, स्क्रूचा नको. जाळीचा एक केस जरी मधल्या पिनला लागला तरी पूर्ण अँटेना शॉर्ट. क्रिंप करण्याआधी भिंगातून बघा. नंतर मल्टिमीटरने दोन गोष्टी तपासा : मधली पिन आणि जाळी यांत जोड नसावा, आणि एका टोकाची पिन दुसऱ्या टोकाच्या पिनशी जोडलेली असावी. मल्टिमीटर एवढंच सांगतो. केबल किती सिग्नल खाते हे त्याला कळत नाही. ते पाहायचं तर माइक पाच-सहा मीटरवर एका जागी ठेवा, रिसीव्हरचा आरएफ (सिग्नलचा) मीटर आधी एक मीटरच्या केबलवर आणि मग लांब केबलवर वाचा. अपेक्षेपेक्षा जास्त पट्ट्या पडल्या तर दोष बहुतेक जोडात असतो.

प्रश्न (नाशिक) : चार रिसीव्हर आहेत. अँटेना एकच जोडी ठेवून बीएनसीचे ‘टी’ लावले आणि सगळ्यांना वाटून दिलं. पूर्वी आवाज येत होता तेवढाही आता येत नाही.

टी काढून टाका. टी हा नुसता जोड आहे, तो वाटप करत नाही. एका ५० ओहमच्या केबलवर चार ५० ओहमचे रिसीव्हर समांतर लावले की अँटेनाला साडेबारा ओहम दिसतात आणि बराच सिग्नल परत फिरतो. शिवाय काही रिसीव्हर आपल्या अँटेना सॉकेटमधून १२ व्होल्टच्या आसपास डीसी वीज बाहेर देतात, अँटेनाच्या अॅम्प्लिफायरसाठी. टीमुळे तो डीसी एका रिसीव्हरमधून दुसऱ्यात शिरतो. आणि प्रत्येक रिसीव्हरच्या आत जी ऑसिलेटरची (स्वतः लहर तयार करणाऱ्या सर्किटची) फ्रिक्वेन्सी असते तिचा अंश सॉकेटमधून बाहेर झिरपून शेजाऱ्याला त्रास देतो.

दोन रिसीव्हर असतील तर पॅसिव्ह (विजेशिवाय चालणारा) स्प्लिटर पुरतो. त्यात तीन ते साडेतीन डीबी जातात, केबल आखूड असेल तर ते परवडतं. चार वाटांचा पॅसिव्ह स्प्लिटर सात डीबीच्या आसपास खातो, म्हणून चारसाठी अॅक्टिव्ह अँटेना डिस्ट्रिब्यूटर घ्या. तो आतल्या अॅम्प्लिफायरने वाटपाचा तोटा भरून काढतो, वाढवत मात्र नाही. घेताना त्याचा पट्टा (फ्रिक्वेन्सी कुठून कुठपर्यंत) आणि तुमच्या रिसीव्हरचा पट्टा एकच आहे ना ते पाहा. ४७० ते ६०८ चा डिस्ट्रिब्यूटर ६५० च्या माइकला उपयोगाचा नाही. पॅसिव्ह स्प्लिटरचं एखादं तोंड रिकामं राहत असेल तर त्यावर ५० ओहमची टोपी लावा.

जोडणीत एक चूक फार होते. डिस्ट्रिब्यूटरमधून पहिल्या अँटेनाच्या (ए) चार आणि दुसरीच्या (बी) चार अशा आठ आखूड केबल निघतात. घाईत एखाद्या रिसीव्हरच्या दोन्ही सॉकेटना ए च्याच केबल लागतात. तो रिसीव्हर चालतो, तालमीत काहीच कळत नाही, आणि कार्यक्रमात नेमका तोच तुटतो. तपासायला अर्धा मिनिट लागतो : चारही माइक चालू ठेवून ए ची अँटेना डिस्ट्रिब्यूटरवरून काढा. चारही रिसीव्हरचा ए मीटर पडला पाहिजे आणि बी तसाच राहिला पाहिजे. मग ए लावून बी काढा. केबलवर ए ला लाल आणि बी ला निळी टेप गुंडाळून ठेवलीत तर ही चूक मुळातच होणार नाही.

प्रश्न (ठाणे) : अॅम्प्लिफायर असलेल्या दोन पॅडल अँटेना (वल्ह्यासारख्या चपट्या, एका दिशेने जास्त ऐकणाऱ्या) घेतल्या आणि बटण सगळ्यात वर, १२ डीबीवर ठेवलं. मीटर कायम फुल दिसतो, पण आधी कधी नव्हती अशी खरखर येते आणि एकाचा आवाज दुसऱ्याच्या चॅनेलवर येतो.

मीटर फुल असणं चांगलं वाटतं, पण तुमच्या बाबतीत तेच दुखणं आहे. अॅम्प्लिफायर माइकचा सिग्नल वाढवतो तसा गोंगाटही तेवढाच वाढवतो. त्याचं काम केबलमध्ये जे हरवणार आहे ते आधीच भरून देणं, एवढंच. त्यापेक्षा जास्त वाढवलं की अॅम्प्लिफायर आणि रिसीव्हरचं पुढचं सर्किट ओव्हरलोड होतं आणि त्यात नसलेल्या फ्रिक्वेन्सी तयार होतात.

उदाहरण घ्या. माइक ५४०, ५४१ आणि ५४२ मेगाहर्ट्झवर आहेत. ५४१ ची दुप्पट करून ५४० वजा केले की ५४२ येतात, आणि ५४१ ची दुप्पट करून ५४२ वजा केले की ५४०. म्हणजे पहिले दोन माइक मिळून तिसऱ्याच्या डोक्यावर बसणारा खोटा सिग्नल तयार करतात. सारख्या अंतरावरच्या फ्रिक्वेन्सी कधीही लावू नका. ५४०, ५४१.२ आणि ५४२.९ अशी विषम अंतरं असतील तर हे खोटे सिग्नल तिन्ही माइकपासून निदान अर्धा मेगाहर्ट्झ दूर पडतात. कंपनीने सेटमध्ये जे ग्रुप (एकमेकींना न त्रास देणाऱ्या फ्रिक्वेन्सींचे संच) दिलेले असतात ते हाच हिशेब करून दिलेले असतात. सगळे माइक एकाच ग्रुपमधले चॅनेल घेऊन लावा, हाताने आकडे निवडू नका.

आता बटण. तुमची केबल १० मीटर आरजी-५८ असेल तर तोटा साडेतीन डीबी. बटणावर ०, ६ आणि १२ असतील तर ६ पुरे. केबल ५ मीटरच असेल तर ०. अँटेना आणि सगळ्यात जवळ येणारा माइक यांत तीन मीटर तरी राहू द्या. गायक पॅडलसमोर हातभर अंतरावर येऊन उभा राहिला तर बाकीच्या सगळ्यांचे चॅनेल गडबडतात.

अॅम्प्लिफायर वेगळा असेल तर तो अँटेनाच्या टोकाला, केबलच्या आधी लावा. केबलमध्ये बुडालेला सिग्नल नंतर वाढवला तर सोबत गोंगाटही वाढतो, हरवलेलं परत येत नाही. त्याला वीज त्याच कोअॅक्समधून मिळते. मध्ये डीसी अडवणारा स्प्लिटर असेल तर अॅम्प्लिफायर बंद राहतो आणि बंद अॅम्प्लिफायर सिग्नल जवळजवळ पूर्ण अडवतो. अँटेनावरचा छोटा दिवा लागला आहे का, ते स्टँड वर चढवण्याआधीच बघा.

प्रश्न (अहिल्यानगर) : सप्ताहाच्या मंडपात कीर्तनकारांना कॉलर माइक आणि टाळकऱ्यांत दोन हँड माइक असतात. वर पत्र्याचं छत, मागे एलईडी वॉल. वॉल बंद असताना सगळं सुरळीत, चालू केली की माइक तुटतात. अँटेना मंडपाच्या मध्यावर, मंचाकडे तोंड करून लावल्या आहेत.

एलईडी वॉलचे पॉवर सप्लाय आणि आतल्या डेटाच्या तारा यूएचएफमध्ये रुंद पट्ट्यात गोंगाट सोडतात. तुमच्या अँटेना मंचाकडे म्हणजे कीर्तनकारांकडे बघतात, आणि त्यांच्या पाठीमागच्या वॉलकडेही. पॅडलला समोरून जास्त ऐकू येतं, ते इथे तुमच्या विरुद्ध गेलं.

अँटेना मंचाच्या दोन्ही बाजूंना न्या. कीर्तनकारांच्या रेषेत, वॉलपासून किमान तीन मीटर पुढे, उंची अडीच मीटर, आणि तोंड मंचावर आडवं. वॉल आता पॅडलच्या कुशीला किंवा पाठीला आली. पॅडलच्या पाठीमागून येणारा गोंगाट तिला बराच कमी ऐकू येतो. समोरचा तिचा आवाका १०० ते १२० अंशांचा असतो, त्यामुळे फार काटेकोर नेम धरायची गरज नाही. तोंड कुठलं हे मात्र ओळखा : ज्या टोकाला आतल्या पट्ट्या आखूड होत जातात ते निमुळतं टोक माइककडे. रुंद टोक, जिथे बहुतेक मॉडेलमध्ये स्टँडचा आटा असतो, ते मागे. उलट्या लावलेल्या पॅडल आम्हाला फोटोंत वारंवार दिसतात. पट्ट्या उभ्या असू द्या. हँड माइक जास्त असतील तर दोनपैकी एक पॅडल ४५ अंश कलवा.

पत्र्याच्या छताला किंवा लोखंडी ट्रसला पॅडल चिकटवून बांधू नका. धातूपासून निदान अर्धा मीटर दूर, आडव्या दांडीवर धरा. ट्रसच्या आत बांधलेली पॅडल दिशाही हरवते आणि ताकदही.

जागा ठरली की मोजा. सगळे माइक बंद, वॉल पूर्ण उजेडावर, आणि प्रत्येक रिसीव्हरचा आरएफ मीटर बघा. माइक बंद असताना दोन-तीन पट्ट्या दिसत असतील तर ती फ्रिक्वेन्सी सोडा, स्कॅन करून (रिसीव्हरला मोकळी फ्रिक्वेन्सी शोधायला लावून) दुसरा ग्रुप घ्या. स्कॅन नेहमी वॉल, लाइट आणि बाकी सगळं चालू ठेवूनच करा. सकाळी रिकाम्या मंडपात केलेलं स्कॅन संध्याकाळी उपयोगाचं नसतं.

मग एकाने एक माइक घेऊन ‘एक, दोन, तीन’ म्हणत मंचभर, पायऱ्यांवर, वीणेकऱ्याच्या जागेपर्यंत चालायचं. बाकीचे माइकही चालू असले पाहिजेत, नाहीतर एकमेकांचा त्रास दिसणारच नाही. दुसऱ्याने मीटर पाहायचा. ए पडला तेव्हा बी टिकला, तर ठीक. दोन्ही एकदम पडले ती जागा खडूने आखा. अशी एकच जागा असेल तर एक अँटेना अर्धा मीटर सरकवून पुन्हा चाला. चालताना माइक धरणाऱ्याने अँटेनाकडे पाठ करूनही चालावं, कारण कीर्तनकार वळणारच.

प्रश्न (सोलापूर) : जुना सेट ७४० मेगाहर्ट्झचा आहे. अँटेना बदलून उपयोग होईल का?

नाही. ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्झ आता मोबाइल फोनने टॉवरकडे बोलण्यासाठी ठेवलेले आहेत आणि ७५८ ते ८०३ टॉवरने फोनकडे बोलण्यासाठी. २०२२ च्या लिलावात या पट्ट्याचा काही भाग देशभरासाठी विकला गेला आणि त्यावर ५जी चालू झालं. तुमच्या ७४० च्या आसपास प्रेक्षकांच्या खिशातले फोनच बोलणार, म्हणजे गर्दी वाढेल तसा त्रास वाढेल. चांगली अँटेना तो गोंगाटही चांगला पकडेल. दुरुस्तीवर खर्च न करता ७०० च्या खालच्या सेटसाठी पैसे बाजूला ठेवा.

प्रश्न (बेळगाव) : अँटेना घरी बनवता येईल का?

येईल, आणि ती रिसीव्हरच्या मूळ दांडीपेक्षा एका बाबतीत उजवी असते. मूळ दांडी बहुतेक वेळा पाव लहरीची असते, तिला खाली रिसीव्हरचं धातूचं अंग लागतं. ती नुसती केबलच्या टोकाला टांगली तर नीट चालत नाही. घरी बनवलेली आपलं अंग सोबत घेऊन येते, म्हणून स्टँडवर लावता येते.

चार भोकांचं चौकोनी पॅनेल बीएनसी सॉकेट घ्या. दोन मिमी जाडीची तांब्याची किंवा पितळेची तार घ्या. ७,१२५ ला मेगाहर्ट्झने भागा, जो आकडा येईल तेवढ्या सेंमीची उभी तार मधल्या पिनला डाग द्या. ५५० साठी १३ सेंमी. चार भोकांत १४ सेंमीच्या चार तारा स्क्रूने आवळा किंवा डाग द्या आणि खाली ४५ अंश वाकवा. तारा अशा झुकवल्या की अँटेना ५० ओहमच्या जवळ येते. लांबी सॉकेटच्या पृष्ठभागापासून मोजा, डाग दिलेला भाग आत धरू नका. टोकं डोळ्यांच्या उंचीवर येतात, म्हणून त्यांवर प्लास्टिकच्या नळीचे तुकडे बसवा. अशा दोन करा, मीटरभर अंतराने लावा. या अँटेनाला सगळीकडून सारखंच ऐकू येतं, त्यामुळे एलईडी वॉल असेल तिथे पॅडलच घ्या.

प्रश्न (कोल्हापूर) : ऐतिहासिक नाटकात सरदाराचं काम करणाऱ्याचाच माइक तुटतो. बाकी सगळे ठीक. पॅक बदलून पाहिला, तरी तोच.

पॅक बदलूनही तोच कलाकार तुटतो म्हणजे कारण त्याच्या अंगावर आहे. चिलखताखाली किंवा धातूच्या कमरपट्ट्यामागे पॅक गेला की अँटेना झाकली. जरीच्या भरगच्च शेल्यानेही थोडा फरक पडतो. पॅक धातूच्या वर किंवा खाली आणा. पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये, उलटा बांधून अँटेना वर ठेवली तर बहुतेक पोशाखांत जमतं.

अँटेनाची तार सरळ असावी. माइकच्या वायरभोवती गुंडाळलेली, पट्ट्यात दुमडलेली किंवा घामाने भिजून कातडीला चिकटलेली तार निम्म्याहून जास्त सिग्नल अंगातच घालवते. पॅकला जाड कापडाची पिशवी शिवा, तार आणि अंगामध्ये एक सेंमी तरी कापड राहील अशी. घाम फार येत असेल तर पॅक आधी पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा. तार मुळाशी सैल झाली आहे का, हेही बघा. ओढून-ओढून ती आतून तुटते आणि बाहेरून शाबूत दिसते. आणि त्याच कमरेला कलाकाराचा मोबाइल खोचलेला नसावा.